बाळाच्या फॉर्म्युलाचा डबा कंपनीने परत मागवला तर

फॉर्म्युला घरी आला की उघडण्याआधी डब्याच्या बुडावरचा बॅच नंबर आणि एक्सपायरीची तारीख यांचा फोटो काढून ठेवा. आपल्याकडे रिफिल पॅकमधली पावडर घरच्या डब्यात ओतून खोकं रद्दीत टाकायची सवय आहे. माल परत मागवला जातो तो बहुतेक वेळा ठरावीक बॅचचा. खोकं गेलं की आपली पावडर त्यातली आहे का, हे कळायला मार्ग उरत नाही.

नंबर जुळवायचा म्हणजे नुसतं ब्रँडचं नाव बघायचं नाही. १७ फेब्रुवारी २०२२ ला अमेरिकेत ॲबट कंपनीने मिशिगनमधल्या स्टर्जिसच्या कारखान्यातली सिमिलॅक, ॲलिमेंटम आणि एलिकेअर पावडर परत मागवली, तेव्हा तीन खुणा दिल्या होत्या: नंबराचे पहिले दोन आकडे २२ ते ३७, नंबरात के८, एसएच किंवा झेड२, आणि एक्सपायरी १ एप्रिल २०२२ किंवा नंतरची. तिन्ही जुळल्या तरच तो डबा यादीतला. त्याच ब्रँडचं तयार पातळ दूध त्यात नव्हतं.

यादी एकदा बघून भागत नाही. ॲबटच्या यादीत ११ दिवसांनी आणखी एका उत्पादनाचा लॉट (म्हणजे बॅच) आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अर्भकांना बॉट्युलिझम (जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पाडणारा आजार) झाल्यावर बायहार्ट या अमेरिकी फॉर्म्युला कंपनीने आधी दोनच लॉट परत घेतले आणि काही दिवसांतच सगळा माल. म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे यादी पुन्हा पुन्हा तपासा.

नंबर जुळला तर त्या क्षणापासून ती पावडर बंद. ‘चांगलं उकळून देऊ’ हा उपाय नाही: बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. वास, रंग, चव यांवरूनही काही कळत नाही. बाळाने ते दूध प्यायलं असेल तर डबा लगेच फेकू नका. त्यावर ‘वापरू नये’ लिहून, पिशवीत बांधून महिनाभर वेगळा ठेवा, कारण बाळ आजारी पडलं तर तपासणीला लागू शकतो. बाटल्या, निपल, चमचा आणि ओटा साबणाच्या गरम पाण्याने धुवा. पैसे परत मिळायला पावती आणि डब्याचा फोटो पुरतो का, हे कंपनीला विचारा.

ताप, दूध न पिणं, सतत रडणं, मलूल पडणं, झटके ही पावडरमध्ये सापडू शकणाऱ्या क्रोनोबॅक्टर या जंतूच्या संसर्गाची लक्षणं असू शकतात. दोन महिन्यांच्या आतली आणि अपुऱ्या दिवसांची बाळं त्याला जास्त बळी पडतात. बॉट्युलिझम हळू येतो, कधी काही आठवड्यांनीही: आधी शी होत नाही, मग रडण्याचा आवाज बारीक होतो, पापण्या जड होतात, मान धरवत नाही. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा आणि बॅच नंबर डॉक्टरांना दाखवा.

बदली म्हणून त्याच वयोगटाचा दुसऱ्या कंपनीचा साधा फॉर्म्युला बहुतेक बाळांना चालतो. ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठीचा खास फॉर्म्युला असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. पावडर पुरवायला जास्त पाणी घालू नका. वर्षाच्या आत गाईचं दूध पर्याय म्हणून देऊ नका, आजी कितीही म्हणाली तरी.

अमेरिकेतून किंवा दुबईहून कुणी बॅगेतून डबे आणले असतील तर ज्या देशात ते विकत घेतले तिथल्या अन्नसुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर यादी बघा. ती बातमी इथल्या मेडिकलवाल्यापर्यंत पोचत नाही. भारतात घेतलेल्या डब्यावर एफएसएसएआयचा (आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक असतो. तक्रार करताना तो आणि बॅच नंबर दोन्ही द्या.

डबा यादीत नसला तरी पावडर निर्जंतुक नसते. लहान किंवा अशक्त बाळासाठी पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंश सेल्सिअसच्या खाली जायच्या आधी, त्यात पावडर मिसळा. मग बाटली थंड पाण्यात धरून कोमट करा, थेंब मनगटावर टाकून बघा. बाळाने उष्टं ठेवलेलं दूध ओतून द्या.