छातीच्या संसर्गात अँटिबायोटिक घेताना या चुका टाळा

बेडका पिवळा किंवा हिरवा दिसला की प्रतिजैविक घेतलेच पाहिजे, ही समजूत वर्षानुवर्षे समजावूनही जात नाही. तो रंग बहुतांशी संसर्गाशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमुळे येतो, आणि या पेशी विषाणूंच्या संसर्गातही येतात. साधा ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनलिकांचा दाह, बहुधा विषाणूंमुळे होतो, त्यांच्यावर प्रतिजैविक चालत नाही, आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळणे हा त्या आजाराचा नेहमीचा क्रम आहे. पाचव्या दिवशी ‘पॉवरची गोळी’ मागणाऱ्याला मी ती देत नाही. मात्र धाप, तीव्र ताप, छातीत टोचणे किंवा वृद्ध माणसाचे असंबद्ध बोलणे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

सर्वांत घातक चूक म्हणजे टीबीची शंका न घेता लेव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक घेणे. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर चालवणारा एक तरुण खोकला आणि संध्याकाळची कणकण घेऊन आला, तोवर त्याने दुकानातून याच गोळीचे तीन कोर्स घेतले होते. प्रत्येक वेळी ताप उतरला, त्याला बरे वाटले, तो कामावर गेला आणि काही दिवसांनी दुखणे उलटले. बेडक्यातून रक्त पडू लागल्यावर तपासणी झाली, तेव्हा उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी झालेली होती, आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या आईची व लहान मुलांचीही तपासणी करावी लागली. हे औषध टीबीच्या जंतूंवर अर्धवट काम करते. त्यामुळे लक्षणे दबतात, निदान लांबते, आणि एकट्या औषधाला जंतू दाद देईनासे होतात. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत पुढे हेच औषध हाताशी लागते, ते असे वाया जाते. १ मार्च २०१४ पासून ते शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि दुकानदाराला प्रत्येक विक्रीची नोंद ठेवावी लागते. तरीही ते सहज मिळते, याचा मला संताप येतो. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल, तर मी आधी बेडका तपासायला पाठवतो. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. टीबी नाही अशी खात्री होईपर्यंत लेव्होफ्लॉक्सासिन माझ्या चिठ्ठीवर येत नाही.

न्यूमोनियावर योग्य इंजेक्शने चालू असूनही दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही, तर नातेवाईक त्याहून महागडे औषध मागतात. मी आधी छातीची सोनोग्राफी करतो. फुप्फुसाभोवती पू साठला असेल, तर त्या बंदिस्त, आम्लयुक्त जागेत औषध पुरेसे पोहोचत नाही आणि पोहोचले तरी त्याचा जोर कमी पडतो. तिथे नळी घालून पू काढावाच लागतो, आणि नळीला घाबरून घालवलेल्या दिवसांत पू घट्ट होऊन त्यात जाळी धरते, मग शस्त्रक्रियेची पाळी येते.

न्यूमोनिया बरा झाल्यावरही एक्स-रेवरील डाग कित्येक आठवडे राहू शकतो. माणूस बरा असेल तर केवळ डागासाठी दुसरा कोर्स घेऊ नये. अमॉक्सिसिलिन जंतूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालते, पण न्यूमोनिया करणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून ते कितीही दिवस घेतले तरी त्यावर लागू पडत नाही. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. डॉक्टरांकडे येताना आधी घेतलेल्या सर्व गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि जुने एक्स-रे सोबत आणावेत, कारण ‘एक पांढरी गोळी घेतली होती’ एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही.