बॉर्डरलाइन गाठ: संमतीपत्रावर सही करण्याआधी

अंडाशयाची गाठ ‘बॉर्डरलाइन’ (पूर्ण कॅन्सर नाही, पण अगदी साधीही नाही, अशी मधली) असण्याची शक्यता सांगितली असेल आणि पुढे मूल हवं असेल, तर आधी संमतीपत्र नीट वाचा. इंदूरला ते बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत छापलेलं हाती येतं. ‘गरजेनुसार गर्भपिशवी व दोन्ही अंडाशय काढणे’ अशी सरसकट ओळ असेल तर खोडून घ्या आणि लिहून घ्या: फ्रोझन सेक्शनमध्ये (ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा गोठवून केलेल्या तपासणीत) कॅन्सर पक्का ठरला नाही, तर गर्भपिशवी आणि निरोगी अंडाशय ठेवावं.

याचं कारण फ्रोझनच्या मर्यादेत आहे. ऑपरेशन चालू असताना पॅथॉलॉजिस्टला गाठीचे मोजकेच तुकडे बघता येतात. मोठ्या म्युसिनस (आत चिकट, बुळबुळीत द्रव असलेल्या) गाठीत तर निदान बऱ्याचदा डळमळतं. शंका असेल तर कमी काढावं. अंतिम रिपोर्टनंतर दुसरं ऑपरेशन करता येतं, काढलेलं अंडाशय परत बसवता येत नाही.

ऑपरेशनआधी सोनोग्राफी आणि रक्ताच्या दोन तपासण्या, सीए-१२५ (गाठीसंबंधी) आणि एएमएच (अंडाशयात बीजं किती उरली याचा अंदाज), करून घ्या. दोन्ही बाजूंना गाठी असतील किंवा एकच अंडाशय उरलं असेल, तर बीजं गोठवण्याबद्दल आयव्हीएफ डॉक्टरांशी आधीच बोला.

किती काढायचं? एकाच बाजूला गाठ असेल तर सहसा तिथलं अंडाशय आणि नलिका. सिरस (आत पाण्यासारखा पातळ द्रव असलेल्या) गाठी सुमारे एक तृतीयांश जणींत दोन्हीकडे असतात. तेव्हा किमान एका बाजूची फक्त गाठ सोलून काढतात. असं केल्यावर गाठ परत येण्याचं प्रमाण जास्त असतं, पण ती बहुतेकदा बॉर्डरलाइनच असते आणि पुन्हा काढता येते. म्युसिनस गाठ मात्र सोलू नये, पूर्ण अंडाशय काढावं, कारण ती परतताना कॅन्सर होऊन येऊ शकते.

सर्जनला स्पष्ट विचारा: गाठ न फोडता पिशवीत घालून काढणार ना? पोटातल्या पाण्याचा नमुना, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) आणि पेरिटोनियमचे (पोटाच्या आतल्या अस्तराचे) तुकडे घेणार ना? म्युसिनस असेल तर अपेंडिक्स बघणार ना? निरोगी दिसणाऱ्या अंडाशयाचा तुकडा घेऊ नये, त्याने चिकटणं वाढतं. रक्त थांबवायला कॉटरी (विजेने जाळून रक्त थांबवणं) कमी आणि टाके जास्त वापरलेले बरे. उष्णतेने बीजं जळतात. लिम्फ नोड काढायची गरज नसते.

अंतिम रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: गाठीचं आवरण फुटलं होतं का, मायक्रोपॅपिलरी नमुना (पेशींची बारीक, लांबट टोकांसारखी वाढ) आहे का, आणि इम्प्लांट्स (अंडाशयाबाहेर पोटात रुजलेले गाठीचे ठिपके) आत घुसणारे आहेत का. घुसणारे असतील तर तो आता लो-ग्रेड सिरस कार्सिनोमा (हळू वाढणारा कॅन्सर) धरतात आणि उपचार बदलतात. दुसरं मत हवं असेल तर स्लाइड्ससोबत पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि ऑपरेशन नोट्सही मागून घ्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलला दाखवायला अवंतिका एक्स्प्रेसने निघालात आणि ब्लॉक घरीच राहिले, तर फेरी फुकट जाऊ शकते. निव्वळ बॉर्डरलाइन गाठीला कोणी केमो सुचवली, तर दुसरं मत घ्याच.

पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी आणि योनीमार्गे सोनोग्राफी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. गाठ दहा वर्षांनंतरही परतू शकते, म्हणून मूल झाल्यावर तपासणी सोडू नका. उरलेलं अंडाशय तेव्हा काढायचं की ठेवायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. काढलंच पाहिजे असं नाही.