पॉइंट टू-टू रायफलचा बोल्ट लवकर का झिजतो? या चुका टाळा

रेंजवर शेजारच्या लेनमधून बोल्टवर तळहात आपटल्याचा आवाज आला की माझं लक्ष टार्गेटवरून उडतं. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता पोलादी भाग, बंद होत नाहीये म्हणून कुणीतरी त्यावर जोर काढत असतं. बोल्ट अडतो तेव्हा मधे काहीतरी असतं. चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी साठलेलं मेण आणि शिसं, वाकडं बसलेलं काडतूस, नाहीतर मागच्या शॉटची न निघालेली पुंगळी. तळहाताच्या फटक्याने ते जात नाही, आणखी आत रुततं. शिवाय काडतुसाची कड चेपली तर बोल्ट पुरता बंद होण्याआधीच बार उडू शकतो, कारण या काडतुसात स्फोटक मसाला कडेतच भरलेला असतो. नळी टार्गेटकडे ठेवा, हात थांबवा आणि बघा. बोल्ट झिजवणारी ही पहिली सवय.

थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) पात्रता फेरीत ६० शॉट असतात, सायटर म्हणजे नेम जुळवायचे शॉट वेगळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते याच प्रकारात. सरावाचे शॉट धरले तर बोल्ट वर्षाला किती वेळा उघडतो-मिटतो याचा अंदाज करा. तरीही गोळ्या झाडून मेलेले बोल्ट मी फार थोडे पाहिलेत. बहुतेक मरतात ते सफाईच्या टेबलावर.

सगळीकडे तेल, हवं तिथे काहीच नाही

हे नीट समजून घ्या, कारण बाकीच्या निम्म्या तक्रारी इथून सुरू होतात. बोल्टचा दांडा खाली दाबला की बोल्टचे लग, म्हणजे बाहेर आलेले कंगोरे, रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या) खाचेत अडकतात आणि बार उडाल्यावर मागे येणारा धक्का तेच पेलतात. दांडा वर उचलताना कॅमच्या (तिरक्या कडेच्या) उतारावरून फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळणारी सळई, मागे सरकते आणि स्प्रिंग दाबली जाते. बहुतेक मॅच रायफलींत पिन अशी उघडतानाच चढते. या दोन जागी पोलाद पोलादावर दाबाखाली घासतं. तिथे वंगण नसेल तर एका पृष्ठभागाचे कण उपटून दुसऱ्याला चिकटतात, मग तो खडबडीतपणा पुढचं पोलाद खरवडतो. बोट फिरवलं तर ओरखडे लागतात. एकदा हे सुरू झालं की पुसून जात नाही.

पातळ तेल इथे टिकत नाही, ओघळून जातं. लगच्या मागच्या बाजूला आणि कॅमच्या उतारावर ग्रीस लावा, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. जुनं ग्रीस पुसल्याशिवाय नवं लावू नका. पॉइंट टू-टूच्या बऱ्याच काडतुसांच्या मसाल्यात बारीक काच असते; ती ग्रीसमध्ये मिसळली की तुम्ही बोल्टला पॉलिश पेपरच लावताय असं समजा.

याच्या नेमकी उलटी चूक बोल्टच्या पोटात होते. आत तेलाची पिचकारी मारली की पहिले काही दिवस सगळं गुळगुळीत वाटतं. मग त्या तेलात कार्बन बसतो, त्याचा चिखल होतो आणि फायरिंग पिनचा वेग मरतो. थंडीच्या सकाळी मिसफायर, म्हणजे घोडा ओढूनही बार न उडणं, वाढतात. आतली स्प्रिंग आणि पिन कोरडी पुसून, तेलाचा हात लावलेल्या चिंदीने नुसती निपटायची, एवढंच.

मिसफायर झाला की काडतुसांना शिव्या

आधी नळी टार्गेटकडे धरून ३० सेकंद थांबा, बार उशिरा उडू शकतो. मग बोल्ट उघडून काडतुसाच्या कडेवरचा ठसा बघा. ठसा खोल आणि स्वच्छ असेल तर काडतुसावर संशय घ्यायला जागा आहे. उथळ असेल तर बोल्टमध्ये चिखल, थकलेली स्प्रिंग किंवा टोक झिजलेली पिन. ठसा कधी खोल, कधी उथळ पडत असेल तर मी आधी बोल्ट पूर्ण बंद होतोय का ते बघतो. मुलांना मी उथळ ठशाची काडतुसं वेगळ्या डबीत तारखेसह ठेवायला सांगतो. तीन-चार जमली की दुखणं कळतं.

रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर

आपल्या काडतुसावर पिन मध्यावर नाही, कडेवर आदळते. चेंबर रिकामं ठेवून घोडा ओढला (हाच ड्राय फायर) तर अनेक रायफलींत ती थेट चेंबरच्या काठावर बसते. पिनचं टोक चपटं होतं आणि काठाला खाच पडते, मग काडतूस जाताना अडतं आणि तोच तळहाताचा आवाज पुन्हा सुरू होतो. तुमच्या मॉडेलला ड्राय फायर चालतो का, ते मॅन्युअलमध्ये बघा. डमी काडतूस घेतानाही विचारून घ्या. काही डमी फक्त भरणं-काढणं तपासायला असतात, पिनचा मार झेलायला नाहीत.

पुंगळी निघत नाही म्हणून स्क्रूड्रायव्हर

दोष बहुधा एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाखाली दबलेल्या मेणाचा असतो. दात कोरायची लाकडी काडी आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. लोखंडाने उचकटलं तर नखाची धार तुटते, स्प्रिंगचा ताण जातो.

कानस, फ्लेम आणि दुसऱ्याचा बोल्ट

लग ‘जरा गुळगुळीत’ करायला कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. अनेक बोल्टांचा कडकपणा वरच्या पातळ थरातच असतो, शिवाय लगवरून गेलेलं पोलाद हेडस्पेसमध्ये, म्हणजे बोल्टचं तोंड आणि काडतुसाची कड टेकते ती जागा यांतल्या अंतरात, जमा होतं. हेडस्पेस वाढलं की काडतुसाच्या कडेला आधार उरत नाही, ती फुगते किंवा फुटते आणि गरम वायू तोंडाकडे येतो. फुगलेल्या कडेची एक जरी पुंगळी दिसली तरी रायफल बाजूला ठेवा.

दांडा वाकवायला किंवा वेल्डिंगला गॅसची फ्लेम लावणारेही भेटतात. कोयत्याला पाणी देणाऱ्या लोहाराला विचारा, पुन्हा तापलेलं पोलाद मऊ पडतं. आणि उष्णता नजरेवर सोडली की काय होतं, हा धडा अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड रायफल कारखान्याने महागात घेतला. तिथे १९०३च्या मॉडेलच्या रायफलचं पोलाद तापवताना कारागीर उष्णता नजरेने ठरवायचे. उन्हाच्या दिवशी तापलेलं लोखंड कमी लाल दिसायचं, म्हणून ते आणखी तापवलं जायचं, इतकं की पोलाद जळून ठिसूळ व्हायचं. १९१७मध्ये काही रायफलींचे रिसीव्हर फुटले, तेव्हा मोजून पाहिल्यावर उन्हाच्या आणि ढगाळ दिवसांतला फरक ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत निघाला. त्यानंतर तापमापक बसवले आणि दुहेरी पाणी देण्याची पद्धत आणली. साधारण ८,००,००० च्या आधीचे नंबर असलेल्या त्या कारखान्याच्या रायफली जाणकार आजही झाडत नाहीत. आपल्याकडे शस्त्र दुरुस्त करायलाही परवाना लागतो, तेव्हा हे काम परवानाधारक कारागिराकडेच द्या.

एनसीसीच्या सफाईत आणखी एक घोळ होतो. सतरंजीवर दहा बोल्ट एका रांगेत ठेवले जातात आणि उचलताना अदलाबदल होते. प्रत्येक बोल्ट त्याच्या रिसीव्हरबरोबर बसवून तपासलेला असतो. नंबर जुळवल्याशिवाय तो आत घालू नका.

पावसाळ्यातली पेटी

घामाने ओल्या हातांनी बोल्ट पुसून फोमच्या केसमध्ये बंद केला की जूनमध्ये ठेवलेला बोल्ट ऑगस्टमध्ये तांबूस निघतो. वरळीसारख्या समुद्रालगतच्या रेंजवर तर आठवडाही पुरतो. फोम आणि चामडं ओल धरून ठेवतात. रायफल सरावापुरतीच केसमध्ये राहू दे. घरी आल्यावर कपाटात, सिलिका जेलजवळ, बोल्ट पुसून वेगळा ठेवा. नळीला तेल लावलं असेल तर रायफल थोडा वेळ तोंड खाली करून उभी करा, नाहीतर ते तेल ओघळून बोल्टच्या जागेत उतरतं. आणि दर पंधरा दिवसांनी दांड्याच्या मुळाशी, जिथे चिंदी नीट पोचत नाही तिथे, बोट फिरवून बघा. गंज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.