‘डोमेन नॉट फाउंड’ म्हणून मेल परत आला तर काय पाहायचं?

‘सेंडर अ‍ॅड्रेस रिजेक्टेड : डोमेन नॉट फाउंड’ असा शेरा आला, तर समोरच्याने आपल्याला ब्लॉक केलंय असं समजू नका. हे शब्द पोस्टफिक्सचे, म्हणजे मेल सर्व्हर चालवणाऱ्या एका सॉफ्टवेअरचे. पाठवणाऱ्याच्या डोमेनचा एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरकडे जातो ते सांगणारा) किंवा ए (आयपी पत्ता सांगणारा), एकही रेकॉर्ड डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, सापडला नाही, एवढीच त्याची तक्रार आहे.

१. आधी कोड बघा. ४५० असेल तर नकार तात्पुरता. मेल रांगेत राहतो आणि पुन्हा पुन्हा जायचा प्रयत्न करतो. ५५० असेल तर विषय संपला, दुरुस्ती करून नव्याने पाठवा.

२. मग लॉगमध्ये ‘फ्रॉम’पुढे कोनी कंसात कोणता पत्ता आहे ते वाचा. बहुतेक जण इथेच फसतात. तपासणी होते ती एन्व्हलपवरच्या, म्हणजे मेल देताना सर्व्हरला सांगितलेल्या पत्त्याची. मेल उघडल्यावर दिसणारा ‘फ्रॉम’ वेगळा असू शकतो. वर तुमचं झकास डोमेन आणि आत ‘रूट अ‍ॅट लोकलहोस्ट डॉट लोकलडोमेन’! क्रॉनचे (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) आणि वेबसाइटच्या फॉर्मचे मेल हमखास असे निघतात. पोस्टफिक्समध्ये ‘मायओरिजिन’ या सेटिंगला खरं डोमेन द्या (डेबियन-उबंटूवर ते बहुधा ‘मेलनेम’ फाइलमधून येतं) आणि रीलोड करा. पीएचपीतून मेल जात असेल तर सेंडमेलला ‘उणे एफ’ लावून पत्ता द्या.

३. पत्ता बरोबर असेल तर त्या डोमेनवर ‘डिग’ (डीएनएसला विचारणारी कमांड) चालवा. ‘एनएक्सडोमेन’ (असं डोमेनच नाही) आलं की स्पेलिंग तपासा, नंतर हूइजमध्ये (डोमेन-नोंदणीच्या माहितीत) मुदत. नूतनीकरण राहून जाणं काही दुर्मीळ नाही. ‘नोएरर’ (डोमेन आहे) पण उत्तर रिकामं, तर एमएक्स टाका. ‘सर्व्हफेल’ (नीट उत्तर मिळालंच नाही) असेल तर ‘अधिक सीडी’ लावून पुन्हा विचारा. आता उत्तर आलं तर गडबड डीएनएसेकची, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल सहीची (‘अधिक सीडी’ने तिची तपासणी टळते), नाही आलं तर नेमसर्व्हर बघा. दुरुस्तीनंतर लगेच फरक दिसेलच असं नाही, कारण ‘नाही’ हे उत्तरसुद्धा कॅशमध्ये राहतं.

४. नकार देणारा सर्व्हर तुमचाच असेल आणि तो जीमेललाही ‘सापडत नाही’ म्हणत असेल, तर दोष तुमच्या रिझॉल्व्हरचा, म्हणजे सर्व्हरच्या वतीने डीएनएसला विचारणाऱ्याचा. पोस्टफिक्स क्रूटमध्ये (बाकी यंत्रणेपासून तोडलेल्या फोल्डरमध्ये) चालत असेल तर त्याच्याकडे ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ची (रिझॉल्व्हरचा पत्ता असलेल्या फाइलची) वेगळी प्रत असते, आणि ती जुनी राहू शकते. रीस्टार्ट करून बघा.

वैतागून ही तपासणीच काढून टाकू नका. एखाद्याच डोमेनला सूट हवी असेल तर ‘चेक सेंडर अ‍ॅक्सेस’ ही अट सेंडरच्या नियमांत, या तपासणीच्या आधी लावा. रेसिपियंटच्या नियमांत चुकीच्या जागी लावलात आणि रिलेचे (दुसरीकडे मेल पुढे पाठवण्याचे) वेगळे नियम नसले, तर त्या डोमेनचं नाव सांगणारा कुणीही तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम पाठवू शकेल.