‘३० टक्के रिसायकल प्लास्टिक’ असे डब्यावर छापण्याआधी

खाद्यपदार्थाच्या डब्यावर, बाटलीवर किंवा पाउचवर रिसायकल प्लास्टिकचा आकडा छापला, की त्याचा हिशेब कुणीही मागू शकते: ग्राहक, मालाचा खरेदीदार, स्पर्धक किंवा नियामक. त्या वेळी नमुना प्रयोगशाळेत पाठवून सुटका होत नाही. रिसायकल पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) आणि कोरे, म्हणजे व्हर्जिन पीईटी हा रसायनाच्या दृष्टीने एकच पदार्थ. पिवळसर छटा, आधीच्या पेयांतून उरलेला लिमोनीन या लिंबूवर्गी सुगंधी द्रव्याचा अंश, पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकच्या भेसळीमुळे आलेले बेन्झिन यांवरून आत रिसायकल माल आहे असा अंदाज बांधता येतो. तो ३० टक्के आहे की ५०, हे त्यावरून सांगता येत नाही. कार्बन-१४ चाचणीचा तर इथे काहीच उपयोग नाही. ती वनस्पतिजन्य कार्बन ओळखते, रिसायकल प्लास्टिक नव्हे. त्यामुळे दावा सिद्ध करण्याचा एकच मार्ग उरतो: कचऱ्याच्या गठ्ठ्यापासून तयार डब्यापर्यंत वजनांचा अखंड माग.

काय धरायचे, काय नाही

व्याख्येसाठी आयएसओ १४०२१ हे मानक जगभर वापरले जाते. त्यानुसार रिसायकल अंश म्हणजे उत्पादनाच्या किंवा पॅकिंगच्या एकूण वजनातला रिसायकल मालाचा वाटा. तो दोन प्रकारांनी भरतो. वापरून झालेला माल, म्हणजे पोस्ट-कन्झ्युमर. यात घरांतला, दुकानांतला, संस्थांतला कचरा तर येतोच, पण वितरण साखळीतून परत आलेला मालही येतो. दुसरा प्री-कन्झ्युमर, म्हणजे उत्पादनाच्या टप्प्यावरच कचऱ्यात जाणारा माल, जो वळवून वापरात आणला.

आपल्याच यंत्रावर कापून निघालेले काठ, नाकारलेले ट्रे, कातरण हे त्याच प्रक्रियेत परत घातले तर ते रिसायकल धरता येत नाही. कारखान्यात याला रीग्राइंड म्हणतात, आणि सगळ्यात जास्त खोटे आकडे इथूनच निघतात. हेतू वाईट असतोच असे नाही; नोंदवहीत ‘रिसायकल’ नावाचा एकच रकाना असतो आणि दोन्ही माल त्यातच चढतात.

दोन वेगळ्या फायली ठेवा

खाद्यसंपर्काची परवानगी आणि रिसायकल अंशाचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरवठादाराकडे अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामकाचे ‘हरकत नाही’ पत्र असेल, किंवा युरोपीय संघाच्या २०२२/१६१६ या नियमाखालची अनुरूपता घोषणा (नियम पाळल्याची लेखी हमी) असेल, तर ती सांगते की विशिष्ट अटींखाली हा माल अन्नाला लागला तरी चालेल. तुमच्या ट्रेमध्ये तो किती टक्के आहे, हे ती सांगत नाही. उलट, रिसायकल अंशाचे प्रमाणपत्र अन्नसुरक्षेबद्दल काहीच बोलत नाही.

खाद्यसंपर्काच्या फाईलमध्ये अटींचे पान नीट वाचा. युरोपात पीईटीच्या बहुतेक मूल्यमापनांत कच्च्या मालाचा ९५ टक्के भाग आधी अन्नासाठी वापरलेल्या पॅकिंगचा असावा लागतो, आणि तयार डबा मायक्रोवेव्ह किंवा ओव्हनमध्ये वापरता येत नाही. ‘गरम करून खा’ छापलेल्या डब्यात असा माल गेला, तर टक्केवारी कितीही अचूक असली तरी डबा बाद.

पुरवठादाराकडून काय घ्यायचे

‘आमचा माल १०० टक्के रिसायकल आहे’ असे लेटरहेडवरचे पत्र हा पुरावा नाही. प्रत्येक लॉटसोबत लॉट क्रमांक, निव्वळ वजन, पोस्ट-कन्झ्युमर आणि प्री-कन्झ्युमर यांची वेगळी टक्केवारी, प्रक्रिया झालेल्या कारखान्याचा पत्ता आणि चाचणी अहवाल हवा. त्या कारखान्यात कोणता कचरा येतो आणि तो कुठून येतो, हेही लेखी घ्या. युरोपात माग ठेवण्यासाठी ईएन १५३४३ हे मानक आहे. त्याचा साचा इतरत्रही उपयोगी पडतो.

तिसऱ्या पक्षाचे प्रमाणपत्र असेल तर उत्तम. यूएल २८०९, एससीएस, जीआरएस, रिसायक्लास, आयएससीसी प्लस ही त्यातली ओळखीची नावे. मात्र प्रमाणपत्र हाती आले म्हणून काम संपत नाही. मुदत, कारखान्याचा पत्ता आणि यादीतले उत्पादन हे तिन्ही तपासा. जीआरएससारख्या पद्धतीत कारखान्याचे व्याप्ती प्रमाणपत्र वेगळे आणि प्रत्येक व्यवहाराचे प्रमाणपत्र वेगळे. पहिले सांगते की हा कारखाना असा माल बनवू शकतो. दुसरे सांगते की तुम्हाला विकलेला हाच माल तसा आहे. बऱ्याच फायलींत फक्त पहिलेच सापडते.

एक साधी तपासणी पुरवठादाराकडे जाऊन करता येते. बाटल्यांच्या गठ्ठ्यातून झाकणे, लेबले, पाणी, माती, इतर प्लास्टिक वजा झाल्यावर फ्लेक्स (प्लास्टिकचे धुतलेले तुकडे) बरेच कमी उतरतात. वर्षभरात घेतलेले गठ्ठे आणि त्या फ्लेक्सपासून बनवून विकलेले दाणे जवळपास सारख्याच वजनाचे दिसले, तर मधे कुठून तरी दुसरा माल शिरतो आहे.

रीग्राइंडचा हिशेब

थर्मोफॉर्मिंगमध्ये, म्हणजे प्लास्टिकची शीट तापवून साच्यात ट्रे बनवताना, शीटमधून ट्रे कापल्यावर उरणारी जाळी बरीच मोठी असते. शीटच्या वजनाच्या ३० ते ४० टक्के हे नेहमीचे. ती दळून पुन्हा एक्स्ट्रुडरमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवून शीट काढणाऱ्या यंत्रात जाते. समजा १०० किलो मिश्रणात ३० किलो विकत घेतलेले रिसायकल दाणे, ३० किलो व्हर्जिन आणि ४० किलो स्वतःचे रीग्राइंड आहे. ‘७० टक्के रिसायकल’ हे सरळ चूक.

मग ३० टक्के? तेही पूर्ण खरे नाही, कारण त्या रीग्राइंडमध्ये आधीच्या शीटमधला रिसायकल माल आहेच. तेच मिश्रण सतत चालू असेल तर उत्तर सोपे होते: रीग्राइंड रिसायकल वजन आणि एकूण वजन या दोन्हीकडून वगळा आणि फक्त बाहेरून आलेल्या मालाचे प्रमाण काढा. ३० भागिले ६०, म्हणजे ५० टक्के. यासाठी अट एकच, रीग्राइंड त्याच उत्पादनाचे असावे. दुसऱ्या, पूर्ण व्हर्जिन ट्रेची जाळी या हॉपरमध्ये (यंत्रात माल घालायच्या टाकीत) गेली, तर ती ४० किलो व्हर्जिन म्हणून धरा. आकडा थेट ३० वर येतो. म्हणून रीग्राइंडच्या प्रत्येक पोत्यावर मूळ उत्पादनाचे नाव आणि त्यातली टक्केवारी लिहा. ओळख पटत नसलेले पोते शून्य टक्क्याचे समजा.

महिन्याचा ताळा

मिश्रणाचे सूत्र हा हेतू झाला. खप, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रात गेलेला माल, हा पुरावा. महिन्याअखेर ताळा मांडा. रिसायकल दाण्यांचा सुरुवातीचा साठा ८,००० किलो, खरेदी २२,०००, शेवटचा साठा ६,५००. खप २३,५०० किलो. व्हर्जिनचा खपही २३,५०० असेल तर एकूण ४७,००० किलो आत गेले. विक्रीयोग्य ट्रे ४४,००० किलो निघाले आणि परत न वापरता भंगारात विकलेला किंवा यंत्र साफ करताना गेलेला माल ३,००० किलो. ४४,००० च्या ५० टक्के, म्हणजे २२,००० किलो ट्रेमध्ये आणि १,५०० भंगारात. ताळा जमला.

ट्रेमध्ये दावा केलेले रिसायकल वजन खपापेक्षा जास्त निघाले, तर दावा त्याच दिवशी थांबवा. फरक छोटा असला तर आधी ओलावा पाहा: पावसात भिजलेल्या पोत्यांचे वजन ओले नोंदवले जाते आणि ड्रायरमधून निघताना ते घटते. शक्यतो सगळे हिशेब कोरड्या वजनावर करा.

यंत्रावर बिघडते ते

फ्लेक्स हलके आणि पसरट असतात, दाणे घट्ट बसतात. आकारमानाने माप टाकणाऱ्या फीडरवर दोन्हींना सारखीच सेटिंग दिली, तर फ्लेक्सचे वजन खूप कमी पडते. पडद्यावर ५०:५० दिसते, प्रत्यक्षात तसे नसते. वजनावर चालणारा फीडर वापरा. तो नसेल तर दर लॉट बदलताना प्रत्येक फीडरखाली ६० सेकंद माल गोळा करून तोलून पाहा आणि नोंद ठेवा. शीटला छिद्रे पडू लागली किंवा रंग बिघडला की चालक रिसायकलचे प्रमाण गुपचूप कमी करतो, हा सर्वत्रचा अनुभव. सेटिंगमधला प्रत्येक बदल वेळेसह नोंदला जाईल अशी सोय हवी, आणि बदल नोंदवल्याबद्दल चालकाला बोलणी बसू नयेत.

मास्टरबॅचचे, म्हणजे रंगाच्या दाट मिश्रणाचे वजन विसरू नका. तोही छेदात येतो, आणि त्यातला रंग वाहून आणणारे प्लास्टिक सहसा व्हर्जिन असते.

पूर्ण पॅकचा आकडा

थरांची शीट घेऊ: वर-खाली १०-१० टक्के व्हर्जिन, मधला थर ८० टक्के आणि त्या थरात ६० टक्के रिसायकल. शीटमध्ये ४८ टक्के. ट्रे २० ग्रॅमचा, म्हणजे रिसायकल ९.६ ग्रॅम. त्यावर २.५ ग्रॅमची फिल्म आणि ०.५ ग्रॅमचे लेबल आले, दोन्ही व्हर्जिन. पूर्ण पॅक २३ ग्रॅम, टक्केवारी ४१.७. त्यामुळे ‘ट्रे ४८ टक्के’ खरे, ‘पॅक ४८ टक्के’ खोटे. ‘६० टक्के’ तर फक्त मधल्या थराचे. लॅमिनेटमध्ये (वेगवेगळ्या फिल्म चिकटवून केलेल्या मालात) प्रत्येक थराची जाडी त्याच्या घनतेने गुणून दर चौरस मीटरचे वजन काढा. मायक्रॉनची नुसती बेरीज चालत नाही, कारण पीईटीची घनता १.४ च्या आसपास आणि पॉलिथिलीनची ०.९२ च्या. शाई आणि चिकटद्रव्यही त्यात धरा. आकडा खालच्या बाजूला आणा: ४१.७ असेल तर ४१ छापा, ४२ नव्हे.

मास बॅलन्सचा माल

अन्नासाठीचे रिसायकल पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन अनेकदा रासायनिक मार्गाने येते: प्लास्टिक कचऱ्यापासून तेल, ते तेल क्रॅकरमध्ये (रेणू तोडणाऱ्या भट्टीत) नाफ्ता या खनिज तेलातल्या कच्च्या मालासोबत. तिथे रेणू एकमेकांत मिसळतात आणि रिसायकलचा वाटा कागदावर ठरावीक दाण्यांना दिला जातो. तुमच्या पोत्यात तो प्रत्यक्षात जवळपास नसूही शकतो. याला आयएसओ २२०९५ या मालाचा माग ठेवण्याच्या मानकात मास बॅलन्स म्हटले आहे. वेगळा ठेवलेला माल आणि नियंत्रित मिश्रण ही त्यातलीच वेगळी मॉडेल. ही पद्धत लबाडीची नाही, पण ‘या डब्यात ५० टक्के रिसायकल प्लास्टिक आहे’ असे तिच्यावर लिहिणे दिशाभूल आहे. ‘मास बॅलन्स पद्धतीने ५० टक्के रिसायकल कच्च्या मालाशी जोडलेले’ असे लिहा. प्रत्येक लॉटची शाश्वतता घोषणा घ्या, आणि तेच किलो दोन ग्राहकांना दिले गेले नाहीत हे प्रमाणन लेखापरीक्षणात पाहिले जाते का, ते विचारा.

छापायचा मजकूर

टक्केवारी, कोणत्या भागाची, आणि शक्य असेल तर मालाचा प्रकार: ‘ट्रेमध्ये कमीत कमी ४५ टक्के पोस्ट-कन्झ्युमर रिसायकल पीईटी, फिल्म आणि लेबल वगळून’. ‘कमीत कमी’ म्हटले की प्रत्येक बॅच त्या आकड्याच्या वर हवी. वार्षिक सरासरी धरायची असेल तर विकायच्या देशात ती चालते का ते आधी पाहा. अमेरिकेच्या ग्रीन गाइड्समध्ये, म्हणजे पर्यावरणविषयक जाहिरात-दाव्यांच्या मार्गदर्शक सूचनांत, वजनानुसार काढलेली वार्षिक सरासरी मान्य आहे. बाणांचे त्रिकोणी चिन्ह टक्केवारीशिवाय वापरू नका. त्याचा अर्थ ‘रिसायकल करता येते’ असा घेतला जातो, आणि तो वेगळाच दावा आहे.

दाण्यांचा तुटवडा पडून प्रमाण घटते तेव्हा छापील फिल्मचे रोल गोदामात महिनोन्‌महिने पडून असतात. म्हणून छापील आकडा आणि चालू प्रमाण यांत सुरुवातीलाच ४-५ टक्क्यांची फट ठेवा, आणि प्रमाण बदलण्याच्या मंजुरीच्या कागदावर छापील मजकूर बनवणाऱ्या आर्टवर्क विभागाची सही सक्तीची करा.

वर्षातून दोनदा दुकानातून एक डबा उचला आणि त्यावरच्या बॅच क्रमांकावरून मागे जा: शीटचा रोल, मिश्रणाची नोंद, दाण्यांचा लॉट, खरेदीचे बिल, व्यवहार प्रमाणपत्र. चार तासांत सगळे कागद टेबलावर यायला हवेत. साखळी बहुधा शीटच्या रोलपाशी तुटते, कारण अर्धवट उरलेला रोल पुढच्या पाळीत लेबलाशिवाय यंत्रावर चढतो. उरलेल्या रोलवर मूळ क्रमांक पुन्हा चिकटवल्याखेरीज तो यंत्रापाशी येऊ देऊ नका.