नोड कॉर्डन केला, तर त्यावरच्या चालू पॉडचं काय होतं?

रत्नागिरीतून हापूसच्या ऑनलाइन ऑर्डरी घेणारी एक छोटी यंत्रणा आहे असं धरू. ती कुबरनेटीसवर, म्हणजे कंटेनरमधली ॲप अनेक संगणकांवर चालवणाऱ्या प्रणालीवर, चालते. तीन नोडचा (संगणकांचा) क्लस्टर आहे आणि नोडची नावं देवगड, मालवण, वेंगुर्ला. ॲपची प्रत्येक प्रत पॉडमध्ये, म्हणजे एक किंवा अधिक कंटेनरच्या गटात, चालते. नोड कॉर्डन करणं म्हणजे त्यावर नवे पॉड येणं बंद करणं. वेंगुर्ल्याची रॅम बदलायची आहे, तीही ऐन एप्रिलात, हंगाम भरात असताना. (‘क्यूबसीटीएल’ या साधनाचे आदेश इथे देवनागरीत दिलेत, टर्मिनलवर ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे.)

आधी शेड्युलरचं काम नीट समजून घ्या. नव्या पॉडला नोड नेमून दिला की त्याचं काम संपलं. जास्त प्राधान्याच्या पॉडसाठी जागा करायची वेळ आली तरच तो चालू पॉडला हात लावतो. एरवी पॉडची देखभाल त्या नोडवरचा क्यूबलेट हा प्रोग्राम करतो. त्यामुळे शेड्युलिंगवरची बहुतेक बंधनं फक्त नव्या पॉडना अडवतात.

सुरुवात ‘क्यूबसीटीएल डिस्क्राइब नोड वेंगुर्ला’ने करा. नोडवर काय काय चालू आहे याची यादी मिळेल. त्यात तीन प्रकार शोधा: एकच प्रत असलेले पॉड, नोडच्या स्थानिक डिस्कला बांधलेले पॉड, आणि मागे कुठलाही कंट्रोलर (पॉड गेला तर त्याजागी नवा बनवणारा) नसलेले सुटे पॉड. घोळ होतो तो यांच्यामुळेच.

मग ‘क्यूबसीटीएल कॉर्डन वेंगुर्ला’. ‘गेट नोड्स’मध्ये नोडपुढे ‘शेड्युलिंगडिसेबल्ड’ दिसेल, पण चालू पॉड तसेच चालत राहतील. दाभोळच्या फेरीबोटीची तिकीटखिडकी बंद झाली म्हणून आत बसलेल्यांना कोणी उतरवत नाही, तसंच. एखादा कंटेनर कोसळला तर क्यूबलेट त्याला त्याच नोडवर पुन्हा उभा करतो, कॉर्डन आडवा येत नाही. पॉडच डिलीट झाला, तर मात्र त्याची जागा घेणारा नवा पॉड देवगड किंवा मालवणवर जातो. डेमनसेटचे (दर नोडवर एकेक चालणारे) पॉड कॉर्डनला जुमानत नाहीत, ते वेंगुर्ल्यावर नव्यानेही येतात.

खरा ताण उरलेल्या दोन नोडवर येतो. ऑर्डरी वाढल्या आणि नवे पॉड लागले, तर ते तिथेच बसवावे लागतात. जागा नसेल तर पॉड ‘पेंडिंग’ राहतात. म्हणून कॉर्डनआधी त्या दोघांवर सीपीयू आणि मेमरी किती शिल्लक आहे ते बघाच.

आता थेट ड्रेन करू नका, म्हणजे नोडवरचे पॉड काढून तो एकदम रिकामा करू नका. ड्रेन आधी जुना पॉड काढतो, नवा नंतर उभा राहतो. एकाच प्रतीच्या ॲपसाठी तेवढा वेळ साइट बंद. त्यापेक्षा कॉर्डन केल्यावर त्या ॲपच्या डिप्लॉयमेंटवर (त्याच्या प्रती सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर) ‘रोलआउट रीस्टार्ट’ चालवा. रोलिंग अपडेटच्या मूळ सेटिंगमध्ये नवा पॉड आधी दुसऱ्या नोडवर तयार होतो आणि मगच जुना जातो. मला हा मार्ग सगळ्यात सोपा वाटतो, पण वापरताना फार कमी जण दिसतात.

उरलेल्यांसाठी ‘क्यूबसीटीएल ड्रेन वेंगुर्ला’, सोबत ‘इग्नोर-डेमनसेट्स’ हा पर्याय. ‘एम्प्टीडिर’मधला, म्हणजे पॉडबरोबरच जाणाऱ्या तात्पुरत्या जागेतला, डेटा गेला तरी चालणार असेल, तरच तो पुसायचा पर्याय जोडा. सुटे पॉड ‘फोर्स’शिवाय निघत नाहीत आणि निघाल्यावर परत येत नाहीत. स्थानिक डिस्कवरचा डेटाबेस दुसरीकडे सुरूच होणार नाही, तो पेंडिंग राहील. त्याच्यासाठी रात्रीची वेळ ठरवून ग्राहकांना आधी कळवलेलं बरं. ड्रेन अडकून पडला, तर बहुधा पॉड डिसरप्शन बजेट (ॲपचे किती पॉड एका वेळी काढता येतील याची मर्यादा) आडवं आलेलं असतं. एकच प्रत आणि किमान एक उपलब्ध हवी अशी अट, मग तो पॉड निघणार कसा? प्रत वाढवा किंवा अट सैल करा.

टेंट, म्हणजे पॉडना दूर ठेवायला नोडवर लावलेली खूण, वापरत असाल तर परिणामाचं नाव दोनदा वाचा. ‘नोशेड्यूल’ फक्त नव्यांना अडवतो, ‘प्रिफरनोशेड्यूल’ जमेल तितकं टाळतो. ‘नोएक्झिक्यूट’ मात्र टॉलरेशन (टेंट असूनही राहायची मुभा) नसलेल्या चालू पॉडनाही हाकलतो, आणि तेव्हा डिसरप्शन बजेट मध्ये पडत नाही. उलट, नोड ॲफिनिटीच्या (पॉड कुठल्या लेबलच्या नोडवर जावा याच्या) नियमात बसणारं नोडचं लेबल मागाहून काढलं, तरी आधीचे पॉड जागेवरच राहतात.

कोकणातल्या पावसाळ्यात हा ‘नोएक्झिक्यूट’ तुम्ही न लावताही भेटतो. वीज किंवा नेटवर्क गेलं आणि नोडशी संपर्क तुटला, की कुबरनेटीसचा नोड कंट्रोलर स्वतःच तो टेंट लावतो. पॉडना मूळ सवलत 300 सेकंदांची असते, त्यानंतर त्यांची हकालपट्टी सुरू होते. तुमच्याकडे दहा-दहा मिनिटांसाठी वीज जात असेल, तर सुरू व्हायला वेळ घेणाऱ्या पॉडचं ‘टॉलरेशनसेकंड्स’ वाढवून ठेवा.

रॅम बसली, नोड ‘रेडी’ दिसला, की ‘क्यूबसीटीएल अनकॉर्डन वेंगुर्ला’. दुसऱ्या नोडवर गेलेले पॉड आपोआप परत येत नाहीत, नोड बराच काळ रिकामाच दिसेल. ऑर्डरींची गर्दी ओसरल्यावर मोठ्या डिप्लॉयमेंट एकेक करून रीस्टार्ट करा, म्हणजे शेड्युलर नवे पॉड तिन्ही नोड विचारात घेऊन बसवेल.