परत बोटीवर गरवायला जाताय? आधी जुनं रील उघडून बघा

बरीच वर्षं गळाला हात न लावलेला माणूस परत समुद्रात बोटीवरून गरवायला जायचं ठरवतो तेव्हा पहिलं काय करतो, तर रात्री दोन वाजेपर्यंत नवीन रीलचे, म्हणजे गळाची दोरी (लाइन) गुंडाळायच्या चक्राचे, व्हिडिओ बघत बसतो. मी पण तेच केलं. ही यादी मात्र दुसऱ्या ट्रिपच्या आधी केली, पहिलीत काय झालं ते येईलच पुढे.

तर आधी माळ्यावरचं जुनं रील खाली काढा. कानाशी धरून हँडल फिरवा, खरखर आली तर आत मीठ धरलंय नाहीतर ग्रीस सुकलंय, पण तेवढ्यासाठी रील टाकून द्यायचं नाही, खोलून साफ करून ग्रीस-तेल दिलं की बरीचशी रीलं परत चालायला लागतात. बेलवरचा, म्हणजे लाइन धरणाऱ्या तारेच्या कमानीवरचा, रोलर बोटाने फिरवून बघा, तो जाम असेल तर लाइन तिथेच घासून कापली जाणार. मग ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की लाइन अडवत अडवत सोडणारा रीलचा ब्रेक. ठेवताना ड्रॅग आवळूनच ठेवलं असेल (सगळे तसंच ठेवतात) तर आतले वॉशर दबून चिकटलेले असतात, लाइन सरळ सुटायच्या ऐवजी झटके देत सुटते आणि मोठा मासा त्या झटक्यातच लाइन तोडतो. वॉशर बदलून मिळतात, रील बदलायच्या आधी ते बघा.

आणि स्पूलवरची, म्हणजे रीलच्या फिरकीवर गुंडाळलेली, जुनी लाइन? काढा. सगळी. मी नाही काढली. तंगुसाची, म्हणजे नायलॉनची होती, दिसायला ठीकठाक, हाताने ओढून पण बघितली, आणि बोटीवर पहिलीच दणकट ओढ लागली तेव्हा गाठीत नाही, मधेच तुटली, मासा गेला तो गेलाच. नायलॉन ऊन खाऊन आणि नुसतं वय होऊन कमजोर होतं, आणि ते सगळीकडे सारखं होत नाही म्हणून हातभर ओढून काही कळत नाही. जुनी ब्रेडेड (बारीक धाग्यांची विणलेली) असेल तर जरा वेगळं, वरचा भाग झिजलेला पण आतला कोराच असतो, मग ती उलटी गुंडाळायची, आतलं टोक बाहेर. लाइन काढलीच आहे तर रिकाम्या स्पूलवर पांढरी पूड दिसते का बघा, दिसली तर धातू खाल्ला जातोय.

आता खरेदी. इथे माझं मत जरा उलटं आहे, रील शेवटी. आधी ठरवा किती खोल पाण्यात आणि कसं गरवणार, त्यावरून लाइन, आणि त्या लाइनीवरून रील. बोट थांबवून खोल तळाला गरी सोडायची किंवा जिगिंग (जड नकली चारा वरखाली झटकत गरवणं) करायचं तर ब्रेडेडच घ्या. ३० पौंडाची (तेवढी ओढ सोसणारी) ब्रेडेड साधारण ०.२८-०.३० मिमी जाड असते, तेवढ्याच ताकदीची नायलॉन ०.५५ मिमीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुप्पट. जाड लाइनीला पाण्याची ओढ जास्त धरते, मधे झोळ पडतो आणि गरी तळाला ठेवायला शिसं वाढवत बसावं लागतं. शिवाय ब्रेडेड ताणत नाही जवळजवळ, साठ मीटर खाली माशाने नुसतं चाचपलं तरी हाताला कळतं. नायलॉन चांगली वीस-पंचवीस टक्के ताणते, तिथे माशाने चारा खाऊन ढेकर दिली तरी आपल्याला पत्ता नाही. पण हाच ताण ट्रोलिंगला कामाचा, चालत्या बोटीमागे ओढलेल्या गरीला मासा धडकतो तेव्हा तो धक्का लाइनच खाते, म्हणून ट्रोलिंगला मी अजून नायलॉनच भरतो. लोक म्हणतात जुनाट आहेस, म्हणू देत.

ब्रेडेडचे नखरे पण आहेत. खडकाला घासली की लगेच जाते, म्हणून पुढे दोन-तीन मीटर फ्लुरोकार्बन (एक कडक लाइन) नाहीतर जाड नायलॉनचा लीडर, म्हणजे गरीकडचा तुकडा, हवाच. गुळगुळीत असते म्हणून रिकाम्या स्पूलवर थेट बांधली तर अख्खी जुडीच गोल फिरते, तुम्ही हँडल मारताय आणि लाइन काही येत नाही, त्यासाठी खाली थोडी नायलॉन गुंडाळून घ्या. आणि भरताना ओल्या फडक्यात धरून घट्ट भरा, सैल भरलेली लाइन ओढ लागली की खालच्या थरात रुतून बसते.

रीलचं म्हणाल तर हलकं जिग किंवा गरी फेकून मारायची असेल तर स्पिनिंग (स्पूल जागेवरच, कमान फिरून लाइन गुंडाळते), नुसतं सरळ खाली सोडायचं किंवा ट्रोलिंग असेल तर ओव्हरहेड (स्पूलच गोल फिरतो), त्याला उचलायची ताकद जास्त मिळते. परत येणाऱ्याला एकच घ्यायचं असेल तर मी स्पिनिंग सांगेन, सवय मोडलेली असते आणि ओव्हरहेडवर अंगठा नीट नसला की लाइनीचं घरटं होतं. रीलच्या मापाचे ५००० किंवा ८००० हे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, त्यापेक्षा तुमच्या जाडीची लाइन किती मीटर बसते ते वाचा, साठ मीटर पाणी असेल तर किमान अडीचशे-तीनशे मीटर हवी कारण मासा पळणार आणि लाइन तुटून कमी पण होणार. गिअरच्या आकड्याला भुलू नका, ६:१ वालं (हँडलच्या एका फेऱ्याला सहा वेढे) पटापट गुंडाळतं पण जड मासा उचलताना मनगट बोलतं, ४.५:१ च्या आसपासचं हळू पण दमदार.

ड्रॅग अंदाजाने लावू नका, वजनकाट्याने मोजा. लाइनीच्या ताकदीच्या चौथा हिस्सा ते फार तर एक तृतीयांश, म्हणजे ३० पौंडाला साडेसात पौंड, साधारण ३.४ किलो. मासा लाइन घेऊन पळाला आणि स्पूलवरचा घेर अर्धा झाला की तेच ड्रॅग दुप्पट जड पडतं, म्हणून तेव्हा आवळायचं नाही, उलट थोडं सोडायचं. माझा हात अजून आवळायलाच जातो.

राहिली गाठ. ब्रेडेडला लीडर जोडायची एफजी नावाची गाठ छान बसते, काठीच्या कड्यांमधून सुरळीत जाते, पण हलत्या बोटीवर वाऱ्यात शिकायची ती गाठ नाही, घरी पंख्याखाली दहा-बारा वेळा बांधून जोरात ओढून बघा आणि जमेना तर डबल युनी ही सोपी गाठ बांधा. धारदार कात्री घ्या, दाताने ब्रेडेड तुटत नाही. आणि गरी खडकात अडकली तर लाइन हाताला गुंडाळून ओढू नका, हात कापतो, लाकडाच्या तुकड्याला दोन वेढे देऊन ओढा, तो तुकडा पण बॅगेत आत्ताच टाकून ठेवा.